तेल नसलेला डीपी आपल्याला का नाही?

(बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मागच्या बैठकीत केजकडचा एक तरुण कार्यकर्ता उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या शिवारातला डीपी वर्षात तीनदा गेला. दोनदा जळाला, एकदा चोरांनी रात्रीतून तेल काढून नेलं. मी शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात बिनतेलाचा ट्रान्सफॉर्मर डोळ्यांनी बघितलाय. तेलच नाही तर चोरणार काय अन् पेटणार काय? मग आम्हाला तसला का देत नाहीत?"

सभेत हशा झाला. काहींनी टाळ्याही वाजवल्या. उत्तर मात्र कोणी दिले नाही. मी त्याला म्हणालो, पुढच्या बैठकीत सांगतो. तो आज इथे बसलेला आहे, म्हणून सुटका नाही.

आधी माझी ओळख सांगतो. मी इंजिनियर नाही. घरची चौदा एकर जमीन आणि तालुक्याच्या गावी मोटारी भरायचे दुकान, यावर माझा संसार चालला. वीस वर्षे जळालेल्या मोटारी उघडल्या. त्या वीस वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. मोटर असो की डीपी, आतली तार सहसा आधी जात नाही. तारेवरचे आवरण आधी जाते. आणि ते आवरण एका दिवसात जळत नाही. ते महिनोन् महिने भाजत राहते आणि एके दिवशी साथ सोडते. आपण म्हणतो, "काल रात्री डीपी जळाला." खरे तर तो दोन वर्षांपासून जळत होता. काल रात्री फक्त धूर दिसला.

म्हणून त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर तेलापासून सुरू होत नाही. ते तापापासून सुरू होते.

डीपी म्हणजे बंद शेगडी

आपण ज्याला डीपी म्हणतो, सरकारी कागदात ज्याला रोहित्र म्हणतात, ते ११ हजार व्होल्टची वीज घेते आणि ४३३ व्होल्टची करून आपल्याला देते. त्याला चाक नाही, पट्टा नाही, हलणारा एकही भाग नाही. तरी त्याचे पोट गरम का होते? कारण तारेतून वीज वाहिली की तार तापते. शिवाय आतला लोखंडी गाभाही तापतो. गाभ्याचा ताप मोटर चालू असो वा नसो, कायम असतो. तारेचा ताप मात्र आपण किती वीज ओढतो त्यावर ठरतो.

आता आकडे ऐका. शिवारात नेहमी दिसणारे १०० केव्हीएचे रोहित्र घ्या. १९८९ च्या भारतीय मानकाप्रमाणे त्याच्या गाभ्यात २६० वॅट आणि पूर्ण भारावर तारेत १७६० वॅट वीज वाया जाते. दोन्ही मिळून २०२० वॅट. म्हणजे दोन हजार वॅटची शेगडी पेटवून लोखंडी पिंपात बंद करून ठेवल्यासारखे आहे. २०१४ च्या सुधारित मानकाने ही मर्यादा १८०० वॅटपर्यंत खाली आणली. पण शिवारात जुनी रोहित्रे पुष्कळ आहेत, म्हणून हिशेब जुन्या आकड्याने करू.

इथे एक मेख आहे. ती प्रत्येकाने घरी नेली पाहिजे. भार दीडपट झाला तर तारेचा ताप दीडपट होत नाही. तो दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोनपट होतो. भार दुप्पट केला तर ताप चौपट. त्या १०० केव्हीएच्या रोहित्रावर अर्धा भार असला तर पोटात ७०० वॅट जळतात. पूर्ण भार असला तर २०२०. दीडपट भार टाकला तर ४२२०. मोटारी दीडपट झाल्या आणि शेगडी दुपटीहून मोठी झाली.

ही शेगडी पेटली की दोनच वाटा राहतात. आतला ताप बाहेर काढून द्या, नाहीतर आवरण भाजू द्या. बिनतेलाचे आणि तेलाचे रोहित्र यांच्यातला सगळा फरक ताप बाहेर काढण्याच्या रीतीत आहे.

बिनतेलाच्या रोहित्राची गोष्ट

बिनतेलाचे रोहित्र ही नव्या जमान्याची चैन आहे असे कोणी समजू नये. १८८५ साली बुडापेस्टमध्ये झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी आजच्या धर्तीचे पहिले रोहित्र केले, तेही कोरडेच होते. तेल नंतर आले. दाब वाढला, भार वाढला, तेव्हा हवेने भागेना. तेल हवेपेक्षा ताप चांगला वाहून नेते आणि विजेला चांगले अडवते, म्हणून रोहित्र तेलात बुडवले. पुढे शहरांत इमारतींच्या पोटात रोहित्रे बसवायची वेळ आली. तिथे तेल पेटले तर माणसे जातात. म्हणून पुन्हा कोरड्याकडे वळावे लागले. आपल्या देशात कोरड्या रोहित्रांसाठी १९८५ साली वेगळे मानक निघाले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांनी निवासी आणि व्यापारी इमारतीच्या आत कोरडेच रोहित्र बसवावे, असे सांगितले. दवाखान्याच्या तळघरात आमच्या मित्राने पाहिले ते हेच.

या कोरड्या रोहित्रात तारेची वेटोळी राळेसारख्या घट्ट पदार्थात ओतून बंद केलेली असतात. वेटोळ्यांच्या मध्ये आणि बाजूने हवेला वर जायला उभ्या फटी ठेवलेल्या असतात. खालून गार हवा शिरते, वेटोळ्यांना घासत तापते आणि वरून निघून जाते. चुलीच्या धुराड्यात जे घडते तेच. तेलाच्या रोहित्रात कागदाचे आवरण असते, त्याला साधारण ९८ अंशांपर्यंतचा ताप वर्षानुवर्षे सोसतो. कोरड्यातले आवरण जास्त काटक असते. 'एफ' वर्गाचे १५५ अंशांचे, 'एच' वर्गाचे १८० अंशांचे.

हे ऐकून वाटेल, मग तर हेच बरे. १५५ अंश सोसणारा डीपी आपल्या उन्हाला काय भिणार? थांबा. तो जास्त ताप सोसतो, कारण त्याला जास्त तापावेच लागते. हवा तेलाइतका ताप उचलत नाही. म्हणजे सहनशक्ती आधीच कामाला लावलेली आहे, शिल्लक ठेवलेली नाही.

हवा कोंडली की घात

आपल्या जिल्ह्यात जिनिंग आहेत, साखर कारखाने आहेत, दवाखाने आहेत. तुमच्यापैकी कोणी त्यांच्या संचालक मंडळावर आहे, कोणाचा मुलगा तिथे इलेक्ट्रिशियन आहे. ज्यांच्याकडे कोरडे रोहित्र आहे किंवा येणार आहे, त्यांनी हे लिहून घ्यावे.

पहिली गोष्ट खोली. ताप रोहित्राबाहेर आला म्हणजे काम झाले असे नाही, तो खोलीबाहेरही गेला पाहिजे. साधा हिशेब सांगतो. येणारी हवा १५ अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल तर रोहित्रात वाया जाणाऱ्या प्रत्येक किलोवॅटमागे मिनिटाला सुमारे साडेतीन घनमीटर हवा खोलीतून फिरली पाहिजे. आठ किलोवॅट वाया जात असतील तर मिनिटाला २८ घनमीटर. त्यासाठी गार हवेची खिडकी खाली जमिनीलगत आणि गरम हवेची वाट समोरच्या भिंतीत वर छताजवळ हवी. दोन्ही खिडक्या एकाच उंचीवर ठेवल्या तर हवा रोहित्राला न शिवताच निघून जाते.

दुसरी गोष्ट बाहेरचा पारा. ही रोहित्रे साधारणपणे ४० अंश हवेचा कमाल पारा धरून आखतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४० च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत तो ५० ला टेकला तर वर चढायला दहा अंश कमी उरले. अशा वेळी भार सुमारे पाच-सहा टक्क्यांनी उतरवावा लागतो. पत्र्याखाली रोहित्र ठेवायचे आणि पाटीवर लिहिलेला पूर्ण भारही घ्यायचा, हे जमत नाही.

तिसरी गोष्ट धूळ. जिनिंगमध्ये रुईचे तंतू हवेत उडत असतात. ते त्या उभ्या फटींत जाऊन बसतात. फट बुजली की धुराडे बुजले. वर कापसाची गोधडी पांघरून रोहित्र उन्हाळ्यात झोपवल्यासारखे होते. वीज दोन्हीकडून पूर्ण बंद करून, भूजोडणी करून, कोरड्या हवेने फटी साफ करणे हे हंगामाआधीचे आणि हंगामातलेही काम आहे.

चौथी गोष्ट पंखे आणि तापमापक. खालून पंखे लावले तर अशा रोहित्राची ताकद २५ ते ४० टक्क्यांपर्यंत वाढवता येते. पण पंखा बंद पडला तर ती वाढलेली ताकदही त्याच क्षणी गेली. वेटोळ्यात तापमापक बसवलेले असतात. आधी पंखा सुरू करायचा, मग घंटा वाजवायची, तरी कोणी ऐकले नाही तर वीज तोडायची, अशी त्यांची शिस्त असते. ती घंटा कटकट करते म्हणून तिची वायर काढून ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. ताप मोजायचे थांबवल्याने ताप कमी होत नाही.

मग शिवारात का चालत नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हेच रोहित्र शिवारात खांबावर का नको?

एक, त्याला छप्पर लागते, कोरडी स्वच्छ हवा लागते. आपल्याकडे ऊन, पाऊस, धूळ सगळे त्याच्या अंगावर. बंद पेटीत घालावे तर हवा कोंडते आणि उघडे ठेवावे तर धूळ आणि ओल शिरते.

दोन, त्याच्यावर लक्ष ठेवायला माणूस लागतो. आपल्या डीपीकडे तो जळाल्यावरच कोणी जाते.

तीन, तेलाच्या टाकीला एक गुण आहे. शेकडो लिटर तेल तापायला वेळ लागतो, म्हणून तासभर भार वाढला तर ते सांभाळून घेते. हवेला असा साठा नसतो.

चार, ते महाग आहे, आणि बिघडले तर तालुक्याच्या दुकानात भरता येत नाही. राळेत ओतलेले वेटोळे माझ्यासारख्याच्या हाताने सुटत नाही, अख्खे बदलावे लागते. चोरालाही ते सुटत नाही, एवढी त्या तरुणाच्या प्रश्नातली बाजू मला कबूल आहे.

पण या चारही कारणांपेक्षा मोठे कारण वेगळे आहे. दीडपट भाराने तेलाचा डीपी भाजतो, तर त्याच भाराने कोरडा डीपीही भाजेल, आणि कदाचित आधी भाजेल. भांडे बदलल्याने जाळ कमी होत नाही.

ताप काढता आला नाही तर काय होते, हे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी २०१३ च्या फेब्रुवारीत बंद ठेवावे लागले आणि २०१५ च्या जुलैत पुन्हा. यंत्रे जागेवर होती, माणसे जागेवर होती. वाफ करायला आणि ती पुन्हा गार करायला पाणी नव्हते. शेकडो मेगावॅटचे केंद्र असो की खांबावरचे रोहित्र, गारवा संपला की यंत्र संपते.

तेल गेले म्हणजे काय गेले

आपल्या तेलाच्या डीपीत ताप कसा निघतो ते पाहा. तारेजवळचे तेल तापते, हलके होऊन वर चढते, वरच्या तोंडातून बाजूच्या नळ्यांत शिरते, नळ्यांत गार होऊन खाली उतरते आणि पुन्हा पोटात येते. पंप नाही, पंखा नाही, तेल आपोआप फिरत राहते.

आता समजा, चोरांनी तेल काढले किंवा पॅकिंगमधून महिनाभर गळाले. तेलाची पातळी नळीच्या वरच्या तोंडाखाली गेली. आपल्याला वाटते चौथा भाग तेल गेले, चौथा भाग गारवा गेला. तसे नाही. वरचे तोंड उघडे पडले की तेलाचे फिरणेच थांबते. नळ्या आहेत, तेल आहे, पण फेरा नाही. रहाटाचा माळेपैकी एक दुवा तुटला तर उरलेल्या पोहऱ्यांचा काय उपयोग? म्हणून डीपीखाली तेलाचा ओला डाग दिसला की ती खबर त्याच दिवशी कार्यालयात गेली पाहिजे.

दुसरी खूण श्वासनळीची. ज्या डीपीला ती असते, तिच्या काचेत निळे खडे असतात. ओल शोषली की ते गुलाबी होतात. गुलाबी झाल्यावर ओल तेलात आणि कागदात शिरते. ओला कागद कोरड्या कागदापेक्षा लवकर भाजतो.

आणि कागदाचा नियम फार कडक आहे. ९८ अंशांच्या पुढे प्रत्येक सहा अंशांना आयुष्य निम्मे होते. ९८ अंशांवर २० वर्षे टिकेल असे धरा. १०४ वर दहा वर्षे. ११० वर पाच. ११६ वर अडीच. १२२ वर सव्वा वर्ष. फक्त २४ अंश वाढले आणि २० वर्षांचे १५ महिने झाले. "नवा डीपी बसवला अन् पुढच्या रब्बीत जळाला" याचे गूढ इथे उकलते.

जाळ कोण लावतो?

इथे मला स्वतःची एक चूक सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय पुढे बोलायचा मला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वीची रब्बी. आमच्या शिवारातल्या डीपीचा फ्यूज दिवसातून तीन-तीनदा उडायचा. गहू ओंबीवर आलेला, हरभरा घाट्यावर. वायरमन चार गावांना एक. लोक माझ्या दुकानात आले, "तुम्ही जाणकार, तुम्हीच करा काहीतरी." मी वीज बंद करवून घेतली आणि किटकॅटमध्ये जाड तार गुंडाळली. फ्यूज उडायचा थांबला. लोकांनी चहा पाजला. सहाव्या दिवशी रात्री डीपी गेला.

पुढचे सतरा दिवस आमचे शिवार कोरडे राहिले. ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरी म्हातारी माणसे होती, ती रोज माझ्या दारावरून कार्यालयाकडे जायची आणि परत यायची. कोणी मला बोल लावला नाही. पण मला ठाऊक होते. फ्यूज मरतो म्हणून डीपी जगतो. मी मरणाऱ्याला मरू दिले नाही. गव्हाचे दाणे त्या वर्षी जिऱ्यासारखे निघाले. माझेही आणि ज्यांनी मला चहा पाजला त्यांचेही.

त्यानंतर आम्ही वायरमनला बोलावले आणि टाँग टेस्टर लावून भार मोजला. १०० केव्हीएच्या रोहित्राने १३३ अँपिअर द्यायचे असतात. पाच एचपीची मोटर साधारण आठ अँपिअर घेते, म्हणजे १६ मोटारींचा तो मालक. आमच्याकडे मोजले तर २०० अँपिअर. दीडपट! कागदावर तीन एचपी लिहिलेल्या मोटारी बोअरमध्ये पाचच्या आणि साडेसातच्या निघाल्या. हे कोणी हौसेने केलेले नाही. एकामागून एक दुष्काळ आले, पाणी खाली गेले, बोअर खोल गेले, मोटर मोठी झाली. त्यात दोन-चार आकडेही होते. मी कोणाचे नाव घेत नाही. सगळ्यांना सगळे माहीत असते.

भार वाढला की दाब उतरतो. ४१५ ऐवजी ३४० व्होल्ट मिळाले तर तेवढेच काम करायला मोटर सव्वापटीच्या जवळपास अँपिअर ओढते, आणि तारेचा ताप दीडपट होतो. म्हणजे कमी दाबाने मोटरही भाजते आणि डीपीही. त्यावर कळस ऑटो स्विचचा. वीज आली की सगळ्या मोटारी एका क्षणी सुटतात. सुटताना मोटर सहापटीपर्यंत वीज ओढते. अख्खा पोळा एकाच वेशीतून एकदम सोडल्यासारखे.

आम्ही मग तीन गोष्टी केल्या. प्रत्येक मोटरला कपॅसिटर लावला. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा बसतो. त्याने मोटरचे आठ अँपिअर पावणेसातवर आले. २०० चे १६८ झाले. ४२२० वॅटची शेगडी तीन हजारांच्या घरात आली. मोटर तीच, पाणी तेवढेच. दुसरे, ऑटो स्विच काढून टाकले. तिसरे, पाळी लावली. आठ तासांतले चार तास वरच्या अंगाच्या मोटारी, चार तास खालच्या अंगाच्या. भार ८४ अँपिअरवर आला आणि शेगडी हजार वॅटच्या आत. पाळीवरून भांडणेही झाली. चार तासांत उसाचे भिजत नाही, हे खरे आहे. पाळी हा कायमचा इलाज नाही. पण दुसरे रोहित्र मिळेपर्यंत तो डीपी टिकला, आणि आमच्याकडे मोजलेले आकडे होते म्हणून दुसरे रोहित्र मागता आले.

मागायचे काय आणि कसे

२०२४ साली सरकारने साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. बिल शून्य झाले. पण डीपी जळालेला असेल तर वीजही शून्यच मिळते. जे फुकट आहे ते मागायला जाताना माणसाचा आवाज उतरतो, "फुकट तर आहे, वर नखरे किती" असे टेबलामागून ऐकावे लागते. भावांनो, आवाज उतरू देऊ नका. २००३ च्या वीज कायद्याच्या ५७ व्या कलमाने सेवेची मानके ठरली आहेत. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१४ च्या विनियमांत ग्रामीण भागातले रोहित्र नादुरुस्त झाल्यास ४८ तासांची मुदत आणि पुढच्या विलंबाला तासाला ५० रुपये भरपाई लिहिलेली होती. २०२१ साली नवे विनियम आले, त्यांची प्रत कार्यालयात मागून वाचा. जुन्याच दराने माझ्या सतरा दिवसांचा हिशेब केला तर ४०८ तासांतून ४८ गेले, उरले ३६० तास. १८ हजार रुपये होतात. मी तेव्हा मागितले नाहीत, कारण तक्रारीची तारीख आणि वेळ लिहिलेला एक चिठोराही माझ्याकडे नव्हता.

म्हणून तक्रार तोंडी नको. तारीख, वेळ, रोहित्राचा क्रमांक, जोडलेल्या ग्राहकांची नावे लिहा आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. आणि मागणी फक्त "डीपी द्या" एवढी नको. तोच १०० चा डीपी त्याच २०० अँपिअरवर पुन्हा बसवला तर तो पुन्हा जळणार, हे मोजमाप दाखवून सांगा. भार विभागून दुसरे रोहित्र द्या, किटकॅट नीट मापाचे द्या, तेलाची पातळी वर्षातून दोनदा, रब्बीच्या आधी आणि उन्हाळ्याच्या आधी तपासा, अशी मागणी करा. त्याच वेळी आपल्या बाजूच्या आकड्यांची, जाड तारेची आणि ऑटो स्विचची जबाबदारी आपण उचलली पाहिजे. आपले घर साफ असले की समोरच्याच्या टेबलावर हात आपटता येतो.

एक कळकळीची सूचना. यातले कोणतेही काम करायला डीपीवर चढू नका. मी जाणकार म्हणवून घेत होतो तरी मी चूक केली, आणि माझा जीव वाचला तो केवळ नशिबाने. बघायचे ते खाली उभे राहून बघा. तेलाचा डाग, काचेतल्या खड्यांचा रंग, किटकॅटची तार, रात्री कुठे ठिणगी दिसते का, एवढे खालून दिसते.

केजकडच्या त्या तरुणाला माझे उत्तर असे. तेल नसलेला डीपी आहे, चांगला आहे, पण तो दवाखान्याच्या तळघरासाठी आहे. तुझ्या शिवाराला हवा आहे तो आपल्या भाराच्या मापाचा, तेलाने भरलेला आणि वेळेवर बदलून मिळणारा डीपी. तो मागायला तुझ्याकडे आकडा हवा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. रोहित्र किती केव्हीएचे, कागदावर मोटारी किती, खऱ्या किती, किती एचपीच्या, कपॅसिटर किती जणांनी लावले, गेल्या तीन वर्षांत डीपी किती वेळा गेला आणि किती दिवसांनी आला. खरे लिहा, आकड्यांसकट लिहा. सगळ्या गावांचे कागद एकत्र करून आपण ते घेऊन जाऊ. मी माझ्या शिवाराचा कागद आज आणला आहे. त्यावर पहिल्या ओळीत जाड तार कोणी घातली ते लिहिले आहे.